सरहद्दीवरच्या खोकडासाठी एकतीस प्रश्न

माझे वडील पलूसला गाद्या भरायचे. बाजारपेठेच्या टोकाला दुकान, दुकानात कापूस पिंजायचं यंत्र, आणि त्या यंत्राच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही. अशा घरातला मुलगा सांगलीला कॉलेजात जाऊन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि पुढं संशोधनाला लागला, याचं वडिलांना काय वाटत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं, 'पोरगं काय करतंय?' तर ते म्हणायचे, 'कोल्ह्यावर शिकतंय.' मी म्हणायचो, 'अब्बा, कोल्हा नाही, खोकड.' खोकड कोल्ह्यापेक्षा लहान, अंगानं बारीक, शेपूट झुपकेदार. वडील मान हलवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही 'कोल्हा'च सांगायचे.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. माझे मार्गदर्शक सर हुशार होते, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारे होते. मी पलूसहून तासगावमार्गे एसटीनं धूळ खात यायचो आणि त्यांच्या टेबलापुढं उभा राहून बोलायचो. खुर्ची रिकामी असायची. दोन वर्षांत त्यांनी मला 'बस' असं किती वेळा म्हटलं ते मला आठवत नाही, कारण आठवण्याइतके ते प्रसंग नव्हते.

पण कल्पना त्यांची होती आणि ती मला मनापासून आवडली होती. पश्चिमेकडं वाळवंटात सरहद्दीला लागून एक पट्टा आहे. तिथं परवानगीशिवाय कुणालाही जाता येत नाही. तिथं गुरं चरत नाहीत, नांगर फिरत नाही, शिकारी जात नाहीत. मग तिथलं खोकड कसं जगतं? किती बिळं करतं, काय खातं, पिल्लं किती जगतात? आणि त्याच वाळवंटात, पट्ट्याच्या बाहेर, माणसांच्या शेजारी राहणारं खोकड कसं जगतं? दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. "माणूस वजा केला की जनावराचं काय होतं, ते आपल्याला कळेल," सर म्हणायचे. मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. त्या भागाचे तपशीलवार नकाशे विकत मिळत नव्हते. सरहद्दीजवळचे नकाशे सामान्य माणसाला देतच नाहीत. आमच्याकडं होता तो शाळेतला भूगोलाचा नकाशा, आणि त्यात तो सगळा पट्टा माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकला जायचा. पाणी कुठं, टेकाडं कुठं, झुडपं कुठल्या बाजूला, काहीच माहीत नाही. परवानगीच्या अर्जाला मात्र पूर्ण आराखडा जोडायचा होता.

सर म्हणाले, "साताऱ्याकडं घराघरात फौजी आहेत. कुणीतरी त्या बाजूला नोकरी केलेला असेलच. जाऊन विचार. प्रश्नावली करून घेऊन जा, गप्पा मारत बसू नकोस."

मी एकतीस प्रश्न काढले. सरांनी ते वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि खालच्या कोपऱ्यात सही केली. तो कागद आज माझ्याकडं नाही, पण त्यातले बरेच प्रश्न पाठ आहेत. चौकीपासून सर्वांत जवळचं पाणी किती अंतरावर आहे? रात्री किती वेळ दिवे चालू असतात? गस्तीच्या वाटा कोणत्या, आणि दिवसातून किती वेळा वापरतात? कुंपणात जनावर जाईल एवढ्या फटी कुठं आहेत? माझ्या डोक्यात फक्त खोकड होतं. उजेड असला की ते बाहेर पडत नाही, माणसाची वाट असली की बीळ लांब करतं, कुंपण असलं की त्याचा वावर तुटतो. एकही प्रश्न वावगा वाटला नाही. मला नाही, सरांनाही नाही.

कराडला लागून मलकापूर आहे. तिथं एक निवृत्त सुभेदार राहतात, दोन हिवाळे वाळवंटातल्या चौकीवर होते, असं कॉलेजातल्या एका शिपायाकडून कळलं. मी पलूसहून कराडची एसटी धरली. सुभेदारांनी घरासमोरच पिठाची गिरणी टाकली होती. उंच, कोरडा माणूस, मिशीवर आणि भुवयांवर पीठ. गिरणी चालू असली की काही ऐकू येत नसे, म्हणून दळण संपेपर्यंत मी दारात उभा राहिलो.

"काय पायजे?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं, काम सांगितलं. ते ऐकून घेत होते, चेहऱ्यावर थोडी करमणूकही होती. मग त्यांनी विचारलं, "नाव काय तुजं? गाव कुठलं?"

मी सांगितलं. चेहऱ्यावरची करमणूक गेली. त्यांनी हात पुढं केला, मी प्रश्नावली दिली. त्यांनी चष्मा लावला आणि एकतीसच्या एकतीस प्रश्न उभ्यानं वाचले. एक बाई डबा घेऊन आल्या, त्यांना "थांबा जरा," म्हणाले. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालून त्यांनी तो स्वतःच्या खिशात ठेवला.

"कागद माझा आहे," मी म्हणालो.

"असूंदे. जा आता."

"एक तरी प्रश्न..."

"जा म्हणलं न्हवं?"

त्यांनी गिरणीचा पट्टा चढवला. आवाज सुरू झाला. मी काहीतरी बोललो, ते मलाही ऐकू आलं नाही. परत येताना एसटीत मी त्यांना मनातल्या मनात खूप सुनावलं. अडाणी म्हटलं, उद्धट म्हटलं. कागदाची दुसरी प्रत घरी होती, म्हणून मला त्याची काळजी वाटली नाही.

पाच-सहा दिवसांनी भर दुपारी दुकानात हवालदार आला. दोन बायका गाद्यांचं कापड बघत होत्या. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "सरहद्दीची चौकशी करत फिरणारा तो कोण?" वडिलांनी यंत्र बंद केलं. मी मागून पुढं आलो. हवालदारानं माझी वही मागितली, प्रश्नावलीची प्रत मागितली, आणि मला बरोबर चलायला सांगितलं. वडील टोपी घालून आमच्या मागोमाग चालत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बायका कापड तसंच टाकून निघून गेल्या.

फौजदार माझ्याच वयाचा असेल. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पाकिस्तानात नातेवाईक?"

"नाहीत."

"आधी होते?"

"आमचे नातेवाईक तासगावला आहेत आणि एक आत्या मिरजेला आहे."

"मग गस्त किती वाजता फिरते ते तुला कशाला पाहिजे?"

मी खोकडाबद्दल सांगू लागलो. ते संध्याकाळी बाहेर पडतं, माणसाच्या वासाला बिचकतं, बिळाला दोन-तीन तोंडं ठेवतं. तो लिहून घेत होता की नुसती पेन्सिल फिरवत होता, ते कळेना. मध्येच त्यानं वहीचं पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "माणूस वजा केला की जनावराचं काय होतं. ह्याचा अर्थ काय?" मी अर्थ सांगितला. सांगताना मला पहिल्यांदा ते वाक्य घाणेरडं वाटलं.

त्यानं कॉलेजला फोन लावला. सर फोनवर आले. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण फोन ठेवल्यावर फौजदार म्हणाला, "विद्यार्थी आहे म्हणाले. पण प्रश्न तू तुझ्या मनानं काढलेस म्हणाले."

"खाली त्यांची सही आहे."

त्यानं कागद उलटून माझ्यापुढं धरला. ती घरातली प्रत होती. सही दुसऱ्या कागदावर होती, आणि तो सुभेदारांनी खिशात घातला होता.

त्या दिवशी सोडलं, पण पुढचे तीन आठवडे दर दोन-चार दिवसांनी बोलावत होते. वही परत मिळाली, प्रश्नावली मिळाली नाही. शेवटी फौजदार म्हणाला, "काही निघालं नाही." निघायला हवं होतं अशा आवाजात म्हणाला. दरम्यान शेजारच्या एका घरानं लग्नासाठी टाकलेल्या गाद्या अर्ध्या भरलेल्याच परत नेल्या. वडिलांनी त्या स्वतः मोजून दिल्या. आत आल्यावर मला म्हणाले, "तू पुछनेकू गयाच कायकू? किताबां में नईं था क्या?"

"किताबों में नहीं था, अब्बा."

"तो रहने देना था."

मी वडिलांवर चिडलो. इतकं सगळं झाल्यावर त्यांनी सरांवर चिडायला हवं होतं, फौजदारावर चिडायला हवं होतं. ते माझ्यावर चिडले. आम्ही बराच काळ एका खोलीत जेवून एकमेकांशी बोललो नाही.

मी सरांकडं गेलो नाही. मलकापूरला गेलो. भांडायलाच गेलो होतो, दुसरं काही मनात नव्हतं.

गिरणीत गर्दी नव्हती. मी विचारलं, "पोलिसांना तुम्ही कळवलंत?"

"व्हय. मीच. आन परत कोण असलं इचारत आला, तर परत कळवीन."

"माझं नाव ऐकून कळवलंत."

त्यांनी पट्टा उतरवला. गिरणी थांबत थांबत थांबली.

"नाव ऐकून कान टवकारलं, खोटं कशाला बोलू? पर कळवलं ते कागद वाचून. गस्त कवा, दिवं कवा, फटी कुठं. तुला शिकिवणाऱ्याला तरी अक्कल हाय का?"

"माझ्या जागी तुमचा मुलगा असता, तर कळवलं असतंत?"

ते जरा वेळ पीठ झटकत राहिले. "न्हाई," म्हणाले. "त्येला आदी दोन मुस्काडात दिल्या असत्या, आन कागद फाडला असता."

मला काय उत्तर अपेक्षित होतं कोण जाणे. ते खरं बोलले याचाच जास्त राग आला. मी वळलो तेव्हा ते म्हणाले, "आरं थांब. चौकशी झाली न्हवं तुजी? सोडला न्हवं? मग आता बस, आन इचार काय इचारायचं ते. चौकीचं सांगणार न्हाई. जनावरांचं सांगीन."

आज हे लिहिताना मला थोडी लाज वाटते, पण मी बसलो. त्या माणसानं माझ्या घरात पोलीस पाठवला होता, आणि मी त्याच्या गिरणीतल्या पोत्यावर बसून वही काढली.

"लिवायचं न्हाई. ऐक."

मी वही पिशवीत टाकली.

"त्या कागदात वर काय लिवलं हुतंस? मानव..."

"मानवविरहित पट्टा."

"म्हंजी?"

"जिथं माणूस नाही असा भाग."

"मग आमी कोण हुतो रं?" त्यांनी विचारलं. "माणूस न्हाई म्हणं! गावचा माणूस न्हाई. आमी हुतो की. चौकीत माणसं, पुढच्या चौकीत माणसं. दोन येळंला लंगर पेटतोय. उष्टं कुठं जातंय? खड्ड्यात. तिथं रोज दिवस कलला की तुजी लोमडी हजर. लांब बसायची, आमी भांडी घासून गेलो की यायची. शेवटी शेवटी तर घासतानाच यायची."

"खोकड?"

"आमी लोमडी म्हणायचो. पिवळी, कानाला मागनं काळं. भाकरी खायाची, डाळ खायाची. उंदीर धरायचं इसरली हुती ती."

मग त्यांनी कुत्र्यांचं सांगितलं. चौकीवर एक कुत्री होती, तिला पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. माणसांना एकटं वाटतं, म्हणून कुणी हाकलत नसे. "पैल्या हिवाळ्यात जवळपास बिळं हुती, मला ठावं हाय. दुसऱ्या हिवाळ्यात न्हवती. कुत्र्यांनी उकरून पिल्लं काढली. एकदा आमच्या समोर. आमच्यातला एकजण लय रडला. फौजी माणूस, लोमडीच्या पिल्लापायी रडला."

"मग तिथं खोकड उरलंच नाही?"

"उरलं की. जुन्या लढाईतल्या सुरुंगांची एक पट्टी हुती, तारा मारून बंद केल्याली. तिथं माणूस जात न्हवता. कुत्र्यातलं एक गेलं आन उडालं, तवापासनं कुत्रीबी जात न्हवती. लोमडी हलकी, तिचं पाय वाजत न्हाईत. बिळं असली तर तिथं असतील." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "जा. मोज."

ते हसले नाहीत. मीही नाही. मी ज्या पायावर सगळी मांडणी केली होती, तो पाया त्यांनी गिरणीत बसल्या बसल्या काढून घेतला होता, आणि त्यांचं बरोबर होतं हे मला ऐकता ऐकताच कळत होतं. त्यांच्यावरचा राग काही त्यामुळं कमी झाला नाही. उलट, हे पहिल्या भेटीत सांगायला काय झालं होतं, असं वाटून वाढलाच.

"आता परत यायचं न्हाई," ते उठत म्हणाले. "लोक बघत्यात."

कराडच्या स्टँडवर बसून मी आठवेल तेवढं वहीत उतरवलं. दोन एसट्या सोडल्या.

प्रस्ताव मी नव्यानं लिहिला. त्यात मी म्हटलं, हा पट्टा निर्मनुष्य नाही. इथं माणूस आहे, फक्त वेगळ्या प्रकारे आहे. शेती नाही पण खरकटं आहे, गुरं नाहीत पण कुत्री आहेत. तेव्हा माणूस असणं-नसणं मोजण्यापेक्षा चौकीपासूनच्या अंतराप्रमाणे खोकडाचा आहार आणि बिळं बघायला हवीत. आयुष्यात एवढं स्वच्छ मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

सरांनी वाचलं आणि कागद टेबलावर सरकवला. "खरकटं? फौजेच्या चौकीवरचं खरकटं आणि कुत्री असं लिहून तू फौजेकडंच परवानगी मागणार?"

"पण ते खरं आहे, सर."

"कुणी सांगितलं? एका गिरणीवाल्यानं?"

"दोन वर्षं होते ते तिथं."

"अरे, संशोधन हे ऐकीव गोष्टींवर होत नाही. तिथं जाऊन दिसेल ते दिसेल. आधी जायला तर मिळू दे." त्यांनी जुनाच प्रस्ताव पाठवायचं ठरवलं. मी विरोध केला, तेव्हा ते म्हणाले, "पोलिसांचं प्रकरण मी निस्तरलं, हे विसरू नकोस."

"निस्तरलंत? तुम्ही सही नाकारलीत."

"सही विचारलीच नव्हती मला," ते शांतपणे म्हणाले. "प्रश्न कुणी काढले ते विचारलं. तू काढलेस."

हे शब्दशः खरं होतं. त्यांच्याशी भांडण कधी जिंकता येत नसे, कारण ते कायम एवढंच, शब्दांपुरतंच खरं बोलत. मी मान खाली घालून जुन्या प्रस्तावातले तक्ते पुन्हा नीट केले, संदर्भांची यादी केली, टाइप करून घेतलं. महिनाभर तेच काम केलं. नको म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. तिथं जायला मिळेल, आणि गेल्यावर मी माझं बघेन, असं मी स्वतःला सांगत होतो.

परवानगी यायला वर्ष लागलं. आली ती सरांच्या आणि दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या नावानं. माझं नाव नव्हतं.

"वरून कापलं असणार," सर म्हणाले. "आपल्या हातात नाही."

मी ते मानलं. वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. तीन आठवडे ठाण्याच्या बाकावर बसलेल्या माणसाचं नाव वरून कापलं जाणारच. दोन दिवसांनी मी माझे तक्ते परत घ्यायला विभागातल्या कपाटात फाइल शोधत होतो. फाइलमध्ये पाठवलेल्या अर्जाची कार्बनची प्रत होती. संशोधकांच्या यादीत दोनच नावं होती. माझं नाव कापलं गेलेलंच नव्हतं, कारण ते लिहिलेलंच नव्हतं.

मी ती प्रत घेऊन सरांसमोर गेलो आणि रिकाम्या खुर्चीवर न विचारता बसलो.

त्यांनी प्रत बघितली. "तुझं नाव घातलं असतं, तर सगळ्यांचीच परवानगी अडकली असती," ते म्हणाले.

"मग तसं मला सांगायचं."

"सांगितलं असतं, तर तू प्रस्ताव पूर्ण केला असतास?"

मला वाटतं, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, तो उचलून भिंतीवर मारावा असं वाटलं, आणि आपण तसं करणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. मी नोंदणी रद्द करायचा अर्ज तिथंच त्यांच्याच कागदावर लिहिला. ते थांब म्हणाले नाहीत.

ते दोघं वाळवंटात गेले आणि ठरल्यापेक्षा बरेच आधी परत आले. चौकीबाहेर पायी फिरू दिलं नाही, जीपमधून जे दिसेल तेवढंच दाखवलं, असं मला त्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं सांगलीच्या स्टँडवर भेटल्यावर सांगितलं. "कुत्री होती?" मी विचारलं. "ढीगभर," तो म्हणाला. "का?" मी म्हटलं, सहज. त्याचा काही दोष नव्हता, तरी त्याच्याशी नीट बोलणं मला जमलं नाही.

मी विट्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. त्या बाजूला माळ आहेत आणि माळांवर तेव्हा कोंबड्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. मेलेल्या कोंबड्या मागच्या ओढ्यात टाकायचे. तिथं खोकड येत होतं, मी दोनदा पाहिलं. शेडपासून किती अंतरावर बिळं आहेत, कुत्री किती, पिल्लं किती जगतात, हे कुणाच्याही परवानगीशिवाय बघता येण्यासारखं होतं. पदवीसाठी नव्हे, कुणाला दाखवायलाही नव्हे. तो विषय सुटत नव्हता, एवढंच.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांत आधी त्या गावच्या पोलीस पाटलांकडं गेलो. काय विचारणार, कुठं फिरणार, किती वाजता, सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं, खाली नाव, पत्ता, शाळा. त्यांनी कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना.

"आवं गुरुजी, कोल्ह्याची बिळं बघायला पोलीस पाटलाला कशाला इचारताय? जावा की."

"सही करा," मी म्हणालो. "दोन प्रतींवर."

त्यांनी हसत हसत दोन्ही प्रतींवर सही केली. एक मी त्यांच्याकडं ठेवली, दुसरी घडी घालून खिशात घातली आणि ओढ्याकडं निघालो.